एकोणतीस अंकी मनुष्यराशी : एका संख्येची आगमयात्रा

जैन आगमांमध्ये संख्येला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही धर्मपरंपरेच्या शास्त्रग्रंथांत क्वचितच आढळते. जीवद्रव्य किती, त्याचे क्षेत्र किती, त्याचा काळ किती, हे प्रश्न आपल्या आचार्यांनी केवळ भक्तिभावाने उल्लेखून सोडून दिले नाहीत. त्यांची उत्तरे मोजून, मापून आणि ताडून पाहिली. म्हणूनच चार अनुयोगांपैकी करणानुयोगाला गणिताचे अधिष्ठान लाभले. मात्र पल्य, सागर, राजू, असंख्यात, अनंत असे शब्द प्रवचनात कानावर पडले की सामान्य श्रावकाची अशी समजूत होते की हे सारे कल्पनेपलीकडचे आहे आणि त्याचा हिशोब करता येणार नाही. ही समजूत किती अपुरी आहे, हे पाहण्यासाठी एकच संख्या पुरेशी आहे. ती संख्या अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

ही एकोणतीस अंकी राशी जैन शास्त्रांत मनुष्यांच्या संख्येच्या संदर्भात येते. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत तिचा उल्लेख आहे. एका ग्रंथात तिचे वर्णन आहे, दुसऱ्यात तिची कठोर परीक्षा आहे आणि तिसऱ्यात ती अक्षरांमध्ये गुंफून जतन केलेली आहे. या तिन्ही टप्प्यांचा हा अल्प परिचय.

अनुयोगद्वारातील वर्णन

परंपरेने आर्यरक्षितसूरींच्या नावाशी जोडलेल्या अनुयोगद्वार सूत्रात गर्भज मनुष्यांची जघन्य, म्हणजे कमीत कमी, संख्या सांगितली आहे. विशेष असे की सूत्रकार तेथे अंकांची लांबलचक माळ देत नाहीत. ते त्या राशीची लक्षणे देतात. पहिले लक्षण असे की ही राशी तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली आहे. यमलपद म्हणजे आठ अंकस्थानांचा एक गट. तीन गटांची चोवीस स्थाने होतात आणि चार गटांची बत्तीस. एकोणतीस स्थानांची राशी बरोबर या दोहोंच्या मध्ये बसते. दुसरे लक्षण असे की सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ही राशी मिळते. तिसरे लक्षण असे की ही राशी शहाण्णव वेळा छेदता येते, म्हणजे तिचे एकामागून एक शहाण्णव वेळा अर्धे करता येतात.

ही लक्षणे पडताळून पाहणे पाठशाळेतील विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. दोनचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चारचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. २५६ चा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. त्याचाही वर्ग केला म्हणजे सहावा वर्ग मिळतो : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. या पाचव्या आणि सहाव्या वर्गांचा गुणाकार केला की वर दिलेली एकोणतीस अंकी राशी तंतोतंत हाती येते.

आता शहाण्णव छेदांचे रहस्य पाहावे. पाचवा वर्ग म्हणजे दोन हा अंक बत्तीस वेळा घेऊन केलेला गुणाकार. सहावा वर्ग म्हणजे तोच अंक चौसष्ट वेळा घेऊन केलेला गुणाकार. बत्तीस आणि चौसष्ट मिळून शहाण्णव. म्हणूनच या राशीचे निम्मे, त्याचे निम्मे, असे करीत गेले तर बरोबर शहाण्णवाव्या वेळी एक उरतो. मध्ये कोठेही अपूर्णांक येत नाही.

एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते, या मोजणीला आपल्या शास्त्रकारांनी अर्धच्छेद असे नाव दिले. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुण्य आणि गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियम धवला टीकेच्या काळी ज्ञात होता. आज शाळेत लॉगॅरिथम या नावाने जे शिकवले जाते, त्याचाच हा दोन या पायावरचा प्रकार होय. युरोपमध्ये जॉन नेपियर यांचा लॉगॅरिथमवरील ग्रंथ इ. स. १६१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा हेतू आणि पद्धत वेगळी होती, हे खरे. तथापि, मोठ्या गुणाकाराचे ओझे बेरजेवर टाकण्याची युक्ती जैन आचार्यांनी त्यापूर्वी कित्येक शतके वापरली होती, हेही तितकेच खरे.

या राशीचे आणखी काही गुण

या राशीच्या पोटात दोनशिवाय दुसरा मूळ अवयव नाही. त्यामुळे तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या एक धरून नेमक्या सत्त्याण्णव आहेत. ती पूर्ण वर्ग आहे. तिचे वर्गमूळ २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ हे होय. ती पूर्ण घनही आहे, आणि तिचे घनमूळ दुसरेतिसरे काही नसून तोच पाचवा वर्ग, ४,२९,४९,६७,२९६, हा आहे. कारण सहावा वर्ग म्हणजे पाचव्याचा पाचव्याशी गुणाकार. त्याला पुन्हा पाचव्याने गुणले की पाचव्याचा घन होतो.

आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या त्रिलोकसारात संख्यांच्या चौदा धारांचे वर्णन आहे. त्यांतील द्विरूपवर्गधारा दोनच्या वर्गांपासून चालते, तर द्विरूपघनधारा दोनच्या घनापासून, म्हणजे आठापासून निघते आणि पुढे प्रत्येक पदाचा वर्ग करीत जाते. आठ, चौसष्ट, ४,०९६, १,६७,७७,२१६, त्यानंतर वर दिलेले वर्गमूळ आणि लगेच पुढचे पद म्हणजे आपली राशी. पहिल्या धारेत ही राशी सापडत नाही. ती सहाव्या आणि सातव्या वर्गाच्या मधल्या जागेत राहते. दुसऱ्या धारेत मात्र तिला स्वतःचे स्थान आहे.

राशी बरोबर उतरवली आहे की नाही, हे पाहण्यासाठी एक सोपा पडताळाही आहे. तिच्या एकोणतीस अंकांची बेरीज १२७ होते. १२७ ला नवाने भागले तर एक उरतो. दोनचा सहा वेळा गुणाकार केला की चौसष्ट होतात, आणि चौसष्टला नवाने भागल्यासही एकच उरतो. शहाण्णवमध्ये सहाचे सोळा गट असल्यामुळे मूळ राशीची बाकीही एकच यावयास हवी. दोन्हीकडे एक आला, म्हणजे पडताळा जुळला.

वीरसेनाचार्यांची परीक्षा

या संख्येच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत आहे. आचार्य धरसेनांकडून श्रुत ग्रहण करून आचार्य पुष्पदंत आणि आचार्य भूतबली यांनी षट्खंडागमाची रचना केली. त्यावरील बहात्तर हजार श्लोकप्रमाण धवला टीका वीरसेनाचार्यांनी पूर्ण केली. डॉ. हिरालाल जैन यांच्या गणनेनुसार तो काळ इ. स. ८१६ हा येतो.

षट्खंडागमाच्या द्रव्यप्रमाणानुगमात पर्याप्त मनुष्यांच्या संख्येला सीमा घातली आहे. ती संख्या कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली आहे. तसेच सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली आहे. कोटीला कोटीने आणि पुन्हा कोटीने गुणले तर एकावर एकवीस शून्ये येतात. आणखी एकदा कोटीने गुणले तर एकावर अठ्ठावीस शून्ये येतात. म्हणजे सूत्राने वरची मर्यादा एकावर अठ्ठावीस शून्ये इतकी ठरवली.

वीरसेनांच्या समोर एका परंपरेने आलेले मत होते की पर्याप्त मनुष्यांची राशी म्हणजे आपली ही एकोणतीस अंकी संख्या होय. वर्गांच्या सीमेत ती चोख बसते. परंतु कोटींच्या सीमेचे काय? एकावर अठ्ठावीस शून्ये दिली तरी अंकस्थाने एकोणतीसच होतात. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही संख्या सारख्याच लांबीच्या दिसतील आणि तो पुढे जाईल. मात्र एकीचा पहिला अंक एक आहे, तर दुसरीचा सात. परंपरेने आलेली राशी सूत्राच्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट होती. वीरसेनांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही.

ते येथेच थांबले असते आणि सूत्राशी विरोध आहे म्हणून हे मत अग्राह्य असे म्हणाले असते, तरी शास्त्रदृष्ट्या ते पुरेसे होते. परंतु त्यांनी दुसरी, स्वतंत्र कसोटी लावली. त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले आणि इतके मनुष्य त्या क्षेत्रात मावू शकत नाहीत, असे दाखवून ते मत नाकारले.

जिज्ञासू वाचकाला हा हिशोब आजही करून पाहता येईल. मनुष्यलोक म्हणजे अढाई द्वीप. मध्ये एक लाख योजने व्यासाचा जंबूद्वीप. त्याभोवती दोन लाख योजने रुंदीचा लवणसमुद्र, चार लाखांचे धातकीखंड, आठ लाखांचा कालोद समुद्र आणि आठ लाखांचे पुष्करार्ध. दोन्ही बाजू धरून एकूण व्यास पंचेचाळीस लाख योजने होतो. व्यासाच्या वर्गाला दहाने गुणून वर्गमूळ घेण्याच्या प्राचीन रीतीने परिघ १,४२,३०,२४९ योजने येतो. परिघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले की क्षेत्रफळ १,६०,०९,०३,०१,२५,००० चौरस योजने मिळते. चार कोसांचे एक योजन, दोन हजार धनुष्यांचा एक कोस, चार हातांचे एक धनुष्य आणि चोवीस अंगुळांचा एक हात. या मापाने एका योजनाची ७,६८,००० अंगुळे होतात. त्यानुसार सर्व मनुष्यक्षेत्राची चौरस अंगुळे मोजली तर ती संख्या पंचवीस अंकी येते. मनुष्य एकोणतीस अंकी आणि जागा पंचवीस अंकी, हा मेळ कसा बसावा?

यावर कोणी म्हणेल की द्वीपसमुद्रांच्या मापात वापरले जाणारे प्रमाणांगुल हे शरीराच्या मापात वापरल्या जाणाऱ्या उत्सेधांगुलाच्या पाचशेपट असते. ही सवलतही देऊन पाहावी. तरीसुद्धा प्रत्येक मनुष्याच्या वाट्याला तीस चौरस अंगुळेही येत नाहीत. एका चौरस हातात ५७६ चौरस अंगुळे असतात. म्हणजे एक हात लांब आणि एक हात रुंद जागेत एकोणीस माणसांनी उभे राहावे लागेल, आणि तेही समुद्र, पर्वत, नद्या आणि सरोवरे यांवरसुद्धा. येथे आकडा मोठा आहे म्हणून त्याला नमस्कार करून पुढे जाता येत नाही.

या प्रसंगाचे मोल केवळ गणिती नाही. वीरसेन हे श्रद्धावान आचार्य होते. जिनवाणीच्या एका शब्दालाही धक्का लागू नये, ही त्यांची दक्षता धवलेच्या पानोपानी दिसते. उत्तर प्रतिपत्ती आणि दक्षिण प्रतिपत्ती अशी वेगवेगळी मते ते आदराने नोंदवतात. परंतु आदर म्हणजे परीक्षेला सुट्टी, असे त्यांनी मानले नाही. पूर्वसूरींकडून आलेली संख्याही सूत्राच्या आणि हिशोबाच्या कसोटीला उतरली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आणि विशेष म्हणजे नाकारलेले मत त्यांनी पुसून टाकले नाही. ते पूर्वपक्ष म्हणून ग्रंथात राहू दिले, म्हणूनच पुढील पिढ्यांना दोन्ही बाजू कळू शकल्या.

अक्षरांतून जपलेली संख्या

वीरसेनांनंतर सुमारे दीड शतकाने, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती झाले. श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींच्या मूर्तीची प्रतिष्ठापना करणाऱ्या चामुंडरायांचे ते गुरू. त्यांच्या गोम्मटसार जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची राशी पाचव्या वर्गाच्या घनाइतकी सांगितली आहे. म्हणजे धवलेत जिच्यावर आक्षेप आहे, तीच ही राशी. एकाच आम्नायात दोन आचार्यांची भिन्न मते अशी शेजारी शेजारी नांदली.

नेमिचंद्राचार्यांच्या ग्रंथात ही राशी ज्या रीतीने जतन झाली, ती विलक्षण आहे. एका गाथेत एकोणतीस अक्षरे अशी योजली आहेत की प्रत्येक अक्षर एका अंकाचे काम करते. क पासून, ट पासून, प पासून आणि य पासून क्रमाने एक, दोन, तीन असे मोजीत जाण्याच्या या पद्धतीला कटपयादी म्हणतात. गाथेचे पहिले अक्षर त आहे. ट पासून मोजले की त सहावा येतो. हा एकक स्थानचा सहा. चौथे अक्षर न आहे. न म्हणजे शून्य, आणि साऱ्या राशीत सहस्र स्थानी असलेले हे एकमेव शून्य. शेवटचे अक्षर सा आहे. य पासून मोजले की स सातवा येतो. हा राशीचा पहिला अंक सात. उजवीकडून डावीकडे अक्षरे वाचीत गेले की एकोणतीसच्या एकोणतीस अंक बिनचूक जुळतात.

हस्तलिखितांच्या काळात याचे महत्त्व मोठे होते. अंक उतरवताना लेखकाचा हात चुकू शकतो. एखादा तीन दोन होतो, एखादे शून्य गळते. गाथा मात्र मुखोद्गत असते आणि अक्षर बदलले तर पाठ करणाऱ्याला ते लगेच खटकते. शिवाय पाचव्या वर्गाचा घन हे लक्षण हाताशी असल्यामुळे कोणीही गुणाकार करून खात्री करू शकतो. हजार वर्षांपूर्वीच्या गाथेतून निघणारी राशी आणि आज संगणकाने काढलेली राशी यांत एका अंकाचाही फरक नाही.

महाराष्ट्राचे ऋण

हे सारे आज वाचायला मिळते, त्यामागे अनेकांचे परिश्रम आहेत. धवलेच्या प्राचीन ताडपत्रीय प्रती मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत जुन्या कन्नड लिपीत होत्या आणि कित्येक शतके त्या केवळ दर्शनाचा विषय होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रतिलिपी व्हाव्यात यासाठी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली. पुढे अमरावती येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे भगीरथ कार्य अंगावर घेतले आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. १९४२ मधील चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठातील गणिताचे अध्यापक डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर इंग्रजीत लेख लिहिला, आणि वीरसेनांच्या या परीक्षेकडे आधुनिक विद्वानांचे लक्ष वेधले. त्यापूर्वी १९२९ मध्ये कलकत्त्याचे विभूतिभूषण दत्त यांनी जैन गणितपरंपरेवरील आपल्या निबंधातून या विषयाचे दार उघडले होते. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि ते फलटण येथे जतन झाले.

आजच्या वाचकासाठी

आजच्या तरुण पिढीला या संख्या अगदीच परक्या नाहीत. संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला जो पत्ता लागतो, त्याच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते पाचव्या वर्गाइतके होते; ते अपुरे पडू लागल्यावर जी नवी पद्धत आली, तिच्यात ते सातव्या वर्गाइतके आहेत. यावरून आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. दोनच्या दुपटीचा हा स्वाभाविक परिणाम आहे. अशा अतिशयोक्तीने आचार्यांचा गौरव होत नाही. उलट त्यांनी खरोखर जे केले, ते झाकोळले जाते.

त्यांनी खरोखर जे केले ते असे : अंक न लिहिताही संख्या अचूक सांगितली, ती पडताळण्याची साधने दिली, ती चुकू नये म्हणून अक्षरांत बांधली, आणि ती मान्य करण्यापूर्वी प्रामाणिकपणे तपासली. सम्यग्दर्शनाबरोबर सम्यग्ज्ञानाचा उच्चार का केला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे. मंदिरातील स्वाध्यायाच्या वेळी, पाठशाळेच्या वर्गात किंवा घरी नातवंडांना जवळ घेऊन कोणी कागदावर दोनचा वर्ग, त्याचा वर्ग असे करीत सहाव्या वर्गापर्यंत गेले आणि शेवटचा गुणाकार पूर्ण केला, तर त्याच्या हाताखाली तेच एकोणतीस अंक एकेक करून उमटतील, जे अनुयोगद्वाराने वर्णिले, वीरसेनांनी तपासले आणि नेमिचंद्रांनी अक्षरांत जपले.